डाव्या दाराची काच

"काढलेलं कुणाच्या हातात दिलंस?" दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

बसवराज शिंत्रे गोंधळला. तो विचारायला आला होता एक, आणि म्हाताऱ्यानं विचारलं भलतंच.

"उस्ताद, मी चाकाचं विचारतोय. पुढच्या डाव्या दाराच्या आत असतं ते. काच वर उचलणारं पितळी दातेरी चाक. सुपारीएवढं. तुमच्याकडं असलं तर..."

"ते ऐकलं मी. दार उघडलंस तवा तिथं काय होतं?"

"काय असणार? चाकाचे दात झिजून गुळगुळीत झालेले. काच खाली पडू नये म्हणून फटीत एक पुठ्ठा कोंबलेला. कळकट, घड्या घातलेला."

"तो कुणाच्या हातात दिलास?"

"पुठ्ठा कुणी हातात देतं का, उस्ताद? टाकला."

उस्तादांनी मान हलवली. ती होकाराचीही नव्हती, नकाराचीही नव्हती.

गडहिंग्लजच्या जुन्या बाजारामागं हे गॅरेज. एके काळी दारात गाड्यांची रांग लागायची. आता एक जीप तेवढी विटांवर उभी होती, आणि तिच्या बॉनेटवर कोंबडी झोपली होती. पौषातलं आभाळ भरून आलं होतं. ना ऊन, ना पाऊस. सगळं राखेसारखं.

उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर कोण आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं, आणि गाडी कोणती आहे ते हातावरून.

या गॅरेजात एक रीत होती. गाडीतून काढलेली वस्तू थेट भंगाराच्या पिंपात जायची नाही. जळका वायसर असो, तुटकी स्प्रिंग असो, ती आधी मालकाच्या तळहातावर ठेवायची. मालक उलटीपालटी करून बघायचा आणि मग स्वतःच्या हातानं पिंपात टाकायचा. गिऱ्हाइकं हसायची. उस्ताद हसायचे नाहीत.

"ज्याच्यासंगं झिजलं, त्याला एकदा बघू दे," एवढंच म्हणायचे.

बसू इथं शिकत होता तेव्हा त्यानं एकदा एक बेअरिंग परस्पर पिंपात टाकलं होतं. उस्तादांनी आख्खं पिंप त्याच्याकडून रिकामं करवून घेतलं होतं. पुढं बसूला ही असली सोंगं सोसवेनात. उस्ताद ठिगळं लावतात, असं तो चारचौघांत बोलू लागला आणि एक दिवस पुण्याला निघून गेला.

पुण्यात त्याचं नाव झालं. बड्या लोकांच्या जुन्या मोटारी तो अशा करून द्यायचा, की जणू आजच कंपनीच्या दारातून निघाल्या आहेत. नकली वस्तू त्याच्या हाताला चालत नसे. एका स्क्रूसाठी, एका बटणासाठी तो मुलूख पालथा घालायचा. मिळेपर्यंत गाडी हलायची नाही.

"तुझ्या गाड्या चालतात म्हणं, का नुसत्या उभ्या असतात?" उस्तादांनी विचारलं.

"चालतात की."

"ही चालवत आणलीस?"

बसू घुटमळला. "पुण्याहून ट्रकवर. इथं घरापासून चालवत."

"बरं केलंस. ट्रकला तेवढंच देवदर्शन."

बसूनं टोमणा गिळला. गरज त्याची होती.

बाहेर चिंचेखाली गाडी उभी होती. त्याच्या वडिलांची फियाट. काळी, आरशासारखी. आणि तिच्या पुढच्या डाव्या सीटवर त्याची आई बसून होती. हात मांडीवर, नजर समोर.

...

"वहिनी गाडीत बसल्यात म्हणालास ना, त्यांना आत आण की," उस्ताद म्हणाले. "च्या सांगतो."

"उतरत नाही ती. एकदा बसली की बसली." बसूचा आवाज खाली आला. "उस्ताद, ती मला ओळखत नाही आता."

उस्ताद थांबले.

"अण्णा गेले आणि हळूहळू सुरू झालं. आधी चुलीवरचं दूध विसरायची. मग देवाचा वार विसरली. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, कधी कधी फरक पडतो. घरात तिच्या ओळखीचं या गाडीशिवाय काय होतं? पत्र्याच्या शेडात गंजत पडलेली. मी पुण्याला नेली. दसऱ्याला आणली. हार घातला, आईला बसवलं..."

"मग?"

"म्हणाली, छान आहे हो गाडी. कुणाची?"

झाडावरून एक वाळकी चिंच गाडीच्या टपावर पडली. टक्क.

"पण तिनं एक केलं. डाव्या काचेवर हात ठेवला. सगळा पंजा. आणि तसाच ठेवून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, उस्ताद. अख्ख्या गाडीत अपुरं तेवढंच होतं. ते चाक. बाकी सगळं मी मूळचं बसवलं होतं, तेवढं मिळालं नव्हतं, म्हणून काचेला रबर अडकवून ठेवलं होतं. तिचा हात बरोबर तिथंच गेला. ते एक बसलं की गाडी पुरी होईल, आणि तिला..."

तो बाहेर गाडीकडं बघत राहिला.

"लेथवर करून घ्यायचं. हुपरीला चांदीचं बारीक काम करणारी पोरं आहेत, पितळही घडवतील."

"नकली मी लावत नाही."

"व्हय. ऐकून आहे."

"मुंबईचे जुने बाजार झाले. कोइमतूरची भंगारं झाली. हुबळीत एक गाडी सापडली, तर तिचं दार वेल्डिंगनं बंद केलेलं. बेळगावात एका रिटायर मास्तरांच्या गाडीत होतं. चालती गाडी. मी म्हटलं, चाक द्या, काय पाहिजे ते मागा. मास्तर म्हणाले, माझी काच कोण चढवणार? नाही दिलं."

"दसऱ्यापासनं हेच?"

"हेच."

"आणि वहिनींजवळ कोण होतं?"

"शेजारची गंगूमावशी."

उस्तादांनी विडी काढली. पेटवली नाही. नुसती बोटांत फिरवत राहिले.

"दसऱ्याला निदान म्हणायची, तू आमच्या बसूसारखा दिसतोस," बसू म्हणाला. "आता मला ड्रायव्हर म्हणते. ड्रायव्हर, पाणी आहे का... ड्रायव्हर, हळू चला..." त्यानं हात जोडले. "दिवस फार राहिले नाहीत, उस्ताद. चाक असलं तर द्या. तुम्हाला सोडून गेलो, त्याचा राग धरू नका."

"राग कशाला धरू? एका हातात विडी, दुसऱ्यात काठी धरलीया," उस्ताद म्हणाले आणि उठले. "चल, गाडी दाव."

...

उस्तादांनी गाडीभोवती फेरी घातली. पालथी बोटं पत्र्यावरून सरकत होती. बसू मागोमाग. त्याच्या हातांत पांढरे सुती हातमोजे होते. रंगावर बोट उमटू नये म्हणून तो ते घालायचा.

मागच्या चाकावरच्या पत्र्याशी उस्ताद थांबले.

"हितं खड्डा होता."

"भरला."

"आजऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्यानं लाथ घातली होती. लोक पळाले, आणि तुझा बाप घोड्याचा फोटो काढत बसला."

बसूला हे ठाऊक नव्हतं. अण्णा फोटोग्राफर. पंचक्रोशीतली लग्नं त्यांची. आई त्यांच्याबरोबर जायची. नवरीचा पदर सारखा करायला, बायकांना ओळीनं उभं करायला, बावरलेल्या पोरीची हनुवटी वर करायला. एवढंच त्याला माहीत.

उस्तादांनी उजव्या खिडकीतून हात आत घातला. स्टिअरिंग चाचपलं.

"अण्णांची अंगठी घासून हितं खाच पडली होती."

"ते स्टिअरिंग बदललं. मूळचं मिळालं, नवंकोरं."

"सीट?"

"कापड त्याच सालचं आहे. शोधून आणलं."

उस्तादांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"ही गाडी मी ओळखत न्हाई, बसू."

बसूच्या कपाळावर आठी उठली. "उस्ताद, कंपनीतनं निघाली तेव्हा अशीच होती. तसूभर फरक नाही. हवं तर मी फोटो दाखवतो."

"असंल की. पण कंपनीतनं निघाली तवा ती तुझ्या आईनं कुठं बघितली होती? ती आली तुमच्या घरात, तवा तीन मालक करून आली होती."

गाडीत आई समोर बघत होती. तिचा पंजा डाव्या काचेवर टेकलेला होता.

बसूकडं बोलण्यासारखं होतं बरंच, पण ते ओठांशी येईपर्यंत त्यातलं काहीच खरं वाटेना.

...

उस्ताद गॅरेजात गेले. बराच वेळ आत पत्र्याचे डबे वाजत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात धाग्यानं बांधलेली चिंधी होती. ती त्यांनी बसूच्या हातमोज्यावर ठेवली.

बसूनं धागा सोडला.

पितळी चाक. सुपारीएवढं. एकेक दात जागच्या जागी, कधी कशात न फिरलेला.

सगळा मुलूख तुडवला, आणि वस्तू निघाली घरामागच्या गल्लीत. बसूनं चाक दोन बोटांत धरून फिरवून पाहिलं.

"हे... हे कधीपासून आहे तुमच्याकडं?"

"तू शाळेत नापास व्हायला लागलास, त्याच्याही आधीपासनं. कोल्हापुरात एक गाडी मोडीत निघाली होती. तिचं काढून आणलं, अण्णांसाठीच."

"मग बसवलं का नाही?"

"त्यांनी घेतलं न्हाई."

बसू बघतच राहिला.

"वहिनी दर खेपेला म्हणायच्या, दस्तगीरभाऊ, ती काच एकदाची नीट करून द्या. वाटेत धुरळा उठला, घाटात गारठा सुटला, की यांना गाडी थांबवून उतरायला लागतंय, पार फिरून माझ्या बाजूला यायला लागतंय. अण्णा म्हणायचे, असू दे. चाक आणलं तरी म्हणाले, असू दे. मी म्हटलं, अण्णा, फुकट घ्या. तरी न्हाई."

"पण का?"

उस्तादांनी विडी पेटवली. दोन झुरके घेतले.

"एकदा हितंच, या चिंचेखाली म्हणाले. दस्तगीर, दिवसभर मी परक्या बायकांना म्हणतो, इकडं बघा, जरा हसा. घरी आलो की माझ्या तोंडाला कुलूप. तिच्याही. काच चढवायला उतरतो ना, तेवढा वेळ ती माझ्याकडं बघते... ते तू बंद करू नको."

विडी विझली. उस्तादांनी ती पुन्हा पेटवली नाही.

बसूला आठवलं. मागच्या सीटवर तो, गुडघ्यांत लाइटचे स्टँड. गाडी थांबायची. अण्णा उतरून समोरून फिरून यायचे. तो चिडायचा. किती वेळ लागतोय, शाळेतली पोरं बघतील, हसतील. तो डोळे मिटून घ्यायचा...

तो दर वेळी डोळे मिटून घ्यायचा.

"रबर काढ," उस्ताद म्हणाले.

"काच पडेल."

"पडू दे."

बसूनं चाक खिशात टाकलं आणि डाव्या दाराच्या फटीतून रबर ओढून काढलं. काच खडखडत खाली गेली आणि दाराच्या पोटात आदळली. काचेवर टेकलेला आईचा हात हवेत राहिला. ती दचकली. वाऱ्यानं थोडी धूळ आत आली.

"चढव."

"उस्ताद..."

"तुझ्या बापागत चढव."

बसू दारापुढं वाकला. एक पंजा आतून, एक बाहेरून, दोन्हींत काच दाबून वर ओढायची. हातमोजे घसरत होते. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा घसरली. मग त्यानं दातांनी मोजे ओढून काढले आणि खाली टाकले. उघडे तळवे काचेला चिकटले. काच चढू लागली, हळूहळू, करकरत.

त्याचं तोंड आईच्या तोंडापाशी आलं होतं. इतक्या जवळून तिला त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. ती कशाची, ते त्याला माहीत नव्हतं.

काच हाताएवढी फट ठेवून वर आली. दोन्ही हात गुंतलेले. सोडले तर पुन्हा पडणार. बसू तसाच वाकून उभा राहिला.

आई हलली.

तिनं कमरेचा बटवा सोडला. आतून गोळ्यांचं रिकामं खोकं काढलं. एक बाजू फाडली. तिची घडी घातली. मग आणखी एक घडी. नखानं कड दाबली. हे सगळं तिनं हाताकडे न बघता केलं. ती बघत होती त्याच्याकडे.

टाकलेल्या त्या कळकट पुठ्ठ्याच्या घड्या कुणी घातल्या होत्या, ते बसूला त्या क्षणी कळलं.

घडी तिनं फटीत सारली. अंगठ्यानं खोल दाबली.

"सोडा आता," ती म्हणाली. "बोट सांभाळा."

बसूनं हात सोडले. काच राहिली.

आई हसली. थोडंसं, ओठ मिटून, एखाद्यानं फोटोसाठी हसावं तसं. तिची नजर त्याच्या कपाळावरून केसांवर गेली, केसांवरून खांद्यावर... आणि तिथं अडखळली. हसू हळूहळू निवत गेलं.

"हे कुठं आहेत?"

बसूनं उस्तादांकडं पाहिलं.

"हे कुठं गेले?"

गॅरेजावरचा पत्रा वाऱ्यानं वाजला. उस्तादांनी मान खाली घातली होती.

"गेले, नाही का..." आई म्हणाली. तिचा हात गळ्यापाशी गेला, तिथं काही शोधलं, आणि रिकामाच खाली आला. "कधी गेले? मला कुणी बोललं नाही." मग तिनं वर पाहिलं. "बसू? बाळा, तू कधी आलास? जेवलास का?"

"आई..."

एवढंच. दसऱ्यापासून ज्या हाकेसाठी तो वणवण फिरला, ती त्याला मिळाली, आणि मिळाली ती अशी. दोन्ही हात दाराच्या पत्र्यावर ठेवून त्यानं काचेवर कपाळ टेकलं. आतून तिनं त्या जागी तळवा ठेवला. ती रडत होती. आवाज न करता. अण्णा कालच गेल्यासारखी.

किती वेळ गेला कोण जाणे. चिंचेच्या सावलीवरूनही कळेना, कारण ऊनच नव्हतं.

मग काचेवरचा हात सैल पडला. मांडीवर गेला. आईनं पदरानं डोळे पुसले आणि आपण डोळे कशाला पुसले, ते न कळल्यासारखी पदराकडे पाहत राहिली. नजर पुन्हा समोर लागली.

"ड्रायव्हर," ती म्हणाली, "निघायचं ना? थंडी वाजतेय."

बसू उभा राहिला. त्याच्या दहाही बोटांचे ठसे काळ्या पत्र्यावर उमटले होते. त्यानं ते पुसले नाहीत.

खिशातलं चाक मुठीत घट्ट आवळून तो उस्तादांपाशी आला. मूठ उघडली. पितळी चाक तळहातात रुतून त्याच्या दातांचा वळ उठला होता.

"उस्ताद," तो म्हणाला, "हे बसवलं, तर काच पडायची नाही. मग तिला आठवायचंही नाही... आणि असं रडावंही लागायचं नाही. सांगा तुम्हीच. बसवू का?"

उस्तादांनी चाचपडत त्याचा हात धरला. बोटं मिटवली, चाकावर, एकेक करून.

"जवळ ठेव," ते म्हणाले. "ज्या दिवशी उतरायचा कंटाळा येईल, त्या दिवशी बसव."